गाडीचा व्हिसा

‘‘अगं, आमचं इंग्लंडचं फायनल झालं. व्हिसा आले, रेडिंगला घरही मिळालं. फक्त गाडीचं अडलंय.’’

माझी कॉलेजमधली मैत्रीण स्टुटगार्टहून फोनवर सांगत होती आणि मी इकडे पुण्यात बसून मनातल्या मनात हसत होते. गाडीचं काय अडायचं? बसायचं, किल्ली फिरवायची, फ्रान्स ओलांडायचा आणि कॅलेला गाडी ट्रेनवर चढवायची. समुद्राखालच्या बोगद्यातून ३५ मिनिटांत पलीकडे. आपण पुण्याहून चाकणला जायलासुद्धा याहून जास्त वेळ घेतो!

पण गाडीला आपण सामान समजतो, तिथेच सगळा लोचा होतो. गाडी म्हणजे सोफा नव्हे. तिला स्वतःचा जन्मदाखला असतो, पत्ता असतो, कर असतो. तुमच्या ऑफिसातला कुणी एमएच बारा घेऊन बंगळुरूला शिफ्ट झाला असेल तर त्याला विचारा. बारा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर इथल्या आरटीओची एनओसी, तिथला रोड टॅक्स, नवा नंबर... आणि हे एकाच देशात! ब्रिटननं तर ३१ जानेवारी २०२० ला युरोपियन युनियन सोडलं आणि त्या वर्षाअखेर कस्टम्स युनियनमधूनही तो बाहेर पडला. तेव्हापासून जर्मनीतली गाडी तिकडे नेणं म्हणजे चक्क इम्पोर्ट.

आणि इम्पोर्ट म्हटलं की टॅक्स. सर्वसाधारण हिशेब असा, की गाडीच्या किमतीवर १० टक्के कस्टम्स ड्युटी आणि मग ड्युटीसकट जी रक्कम होईल तिच्यावर २० टक्के व्हॅट. म्हणजे गाडी १०,००० पाउंडांची असेल तर ड्युटी १,००० आणि व्हॅट २,२००. वाहतूक खर्च न धरताच ३,२०० पाउंड झाले. रुपयांत करून बघू नका, उगाच जेवण जाणार नाही.

यातून सुटायचा एक रस्ता आहे. त्याचं नाव ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’. तुम्ही राहायला म्हणूनच ब्रिटनला जात असाल, त्याआधी सलग निदान बारा महिने बाहेर राहिला असाल आणि गाडी निदान सहा महिने तुमच्या मालकीची आणि तुमच्या वापरातली असेल, तर ड्युटी माफ, व्हॅटही माफ. त्यासाठी टीओआर१ नावाचा अर्ज गाडी निघायच्या आधी ऑनलाइन करायचा.

सही ना? माझ्या मैत्रिणीला बारा महिन्यांचं काहीच टेन्शन नव्हतं. ती सहा वर्षं जर्मनीत होती. पण गाडी घेऊन तिला झाले होते जेमतेम चार महिने.

‘‘विकून टाक ना,’’ मी म्हटलं. अगदी प्रॅक्टिकल सल्ला. डावीकडं स्टेअरिंग असलेली, चार वर्षं जुनी, सेकंडहँड छोटी लाल हॅचबॅक. इंग्लंडमध्ये तसली, उजव्या स्टेअरिंगची, हवी तेवढी मिळेल.

ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘कागदावर माझं नाव आहे गं.’’

तेव्हा माझी ट्यूब पेटली. तिचे बाबा साताऱ्याला एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या मालकीची गाडी चालवली. घरात स्वतःची गाडी कधी आलीच नाही. लग्नानंतर आली ती नवऱ्याच्या नावावरची. ही लाल गाडी तिनं स्वतःच्या पगारातून साठवून घेतली होती आणि तिचा पहिला फोटो बाबांना पाठवला होता. बाबांनी टायर नीट दिसतील असा अजून एक फोटो मागवून घेतला म्हणे!

आता करायचं काय? टॅक्स भरायचा, गाडी विकायची, की थांबायचं? तिसरा पर्याय कागदावर सोपा दिसतो. नवरा नोकरीवर रुजू व्हायला पुढं जाईल आणि ती लेकीला घेऊन सहा महिने भरेपर्यंत स्टुटगार्टला राहील. म्हणजे दोन घरांचं भाडं, चार वर्षांच्या पोरीला रोज संध्याकाळी ‘बाबा कधी येणार’चं उत्तर आणि एकटीनं सगळं पॅकिंग. मी तिच्या जागी असते तर थांबले नसते, अगदी खरं सांगते. दोन महिन्यांच्या भाड्यात टॅक्सचा बराचसा भाग निघाला असता. पण तिच्या नोकरीचा नोटिस पिरियड तसाही लांबलचक होता, थोडा आणखी ताणता आला. आणि मुख्य म्हणजे निर्णय तिचा होता. ती थांबली.

मधल्या काळात तिनं कागद गोळा केले. गाडीबरोबर मिळालेला, कधीच न उघडलेला ‘सर्टिफिकेट ऑफ कन्फॉर्मिटी’ नावाचा कागद अचानक सोन्याच्या भावाचा झाला. गाडी कुठल्या युरोपियन मानकांप्रमाणे बनली हे तो सांगतो. जर्मन नोंदणी रद्द करून एक्स्पोर्टची नंबरप्लेट घेतली. तिच्या उजव्या टोकाला लाल पट्टा असतो आणि त्यावर चक्क एक्स्पायरी डेट! दुधाच्या पिशवीसारखी. त्या तारखेच्या आत देशाबाहेर.

बोगदा ओलांडला आणि खरी मजा पलीकडं सुरू झाली. गाडी पोचल्यापासून १४ दिवसांत तिथल्या टॅक्सवाल्यांना कळवायचं, नाहीतर दंड होऊ शकतो. मग गाडीचं ‘मेकओव्हर’. जर्मनीत गाड्या रस्त्याच्या उजवीकडून धावतात, म्हणून हेडलाइटचा डिपर उजवीकडं झुकलेला असतो. तो इंग्लंडमध्ये समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. चार दिवस फिरायला आलेले टुरिस्ट काचेवर स्टिकर लावून भागवतात, पण कायमची नोंदणी करायची तर ते चालत नाही. दिवे बदलायचे, आणि त्यांचाच खर्च तिला सगळ्यात जास्त आला. स्पीडोमीटरवर मैल दिसायला हवेत. मागचा फॉगलॅम्प मध्यभागी किंवा उजवीकडं हवा, तिचा होता डावीकडं. आणि स्टेअरिंग? ते आहे तिथंच राहू द्या! ब्रिटनमध्ये डाव्या स्टेअरिंगची गाडी चालवायला काही हरकत नाही. म्हणजे दिवा चुकीच्या बाजूला चालत नाही, ड्रायव्हर चालतो. कमाल आहे की नाही?

हे सगळं केल्याचे पुरावे पाठवून व्हेइकल सर्टिफिकेशन एजन्सीचं प्रमाणपत्र घ्यायचं. दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना हे लागत नाही, म्हणजे खटारा असता तर सुटली असती बिचारी. गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी म्हणून एमओटी ही फिटनेस टेस्ट पुन्हा, जर्मन टेस्ट कितीही ताजी असली तरी. मग इन्शुरन्स. तो नोंदणीच्या आधीच हवा, पण नंबरच नाही तर काढणार कशावर? चॅसीस नंबरवर! अशी पॉलिसी देणारी कंपनी शोधायला तिला आठवडाभर फोन करावे लागले. शेवटी व्ही५५/५ हा फॉर्म, ५५ पाउंड नोंदणी फी, वर रोड टॅक्स आणि ओरिजनल कागदांचा गठ्ठा पोस्टानं वेल्समधल्या स्वॉन्सीला, डीव्हीएलएकडं. ही म्हणजे त्यांची आख्ख्या देशाची आरटीओ.

तोपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची नाही. बुक केलेल्या टेस्टला जाण्या-येण्यापुरती फक्त सूट. म्हणजे जिच्यासाठी दोन महिने नवऱ्यापासून लांब राहिली, ती लाल गाडी दारात उभी आणि ही पावसात बसस्टॉपवर. त्या आठवड्यात तिनं मला फोनच केला नाही. मीही ‘मी म्हटलं नव्हतं?’ असं विचारलं नाही. एवढी मैत्री आहे आमची!

टॅक्स माफ झाला तरी एक शेपूट राहतंच. पुढचे बारा महिने गाडी विकता येत नाही, भाड्यानं देता येत नाही, उसनीसुद्धा देता येत नाही. नाहीतर माफ केलेला टॅक्स भरा. नवऱ्याच्या एका मित्रानं लगेच ‘वीकेंडला गाडी देतेस का’ विचारलं, तेव्हा तिला आयुष्यात पहिल्यांदा सरकारी नियम आवडला.

आणि उद्या हे लोक पुण्याला परत आले तर? तर गाडी तिथंच. आपल्याकडं बाहेरून जुनी गाडी आणायची तर ती उजव्या स्टेअरिंगचीच हवी आणि तीन वर्षांपेक्षा जुनी नको. म्हणजे दुबई-अमेरिकेतल्या गाड्या पहिल्याच चेंडूवर आऊट. सिंगापूर, लंडनवाल्यांना संधी आहे, पण शुल्काचा आकडा गाडीच्या किमतीच्याही वर जातो. त्यामुळं परतीच्या प्लॅनमध्ये गाडी धरूच नका.

उन्हाळ्यात तिचे आई-बाबा रेडिंगला गेले. बाबा पुढच्या सीटवर, उजवीकडं बसले. आयुष्यभर ती बाजू त्यांचीच, फक्त पुढं स्टेअरिंग नव्हतं. मॉलच्या पार्किंगला तिकिटाचं मशीन नेमकं त्यांच्या खिडकीशी आलं. इंग्लंडमध्ये ड्रायव्हर त्या बाजूला बसतो ना! बाबांनी काच खाली केली, हात बाहेर काढून तिकीट ओढलं आणि लेकीला म्हणाले, ‘‘तीस वर्षं ड्रायव्हर होतो गं. कंडक्टर केलंस शेवटी मला.’’