ताक आणि तूप

आमचे वडील बंधु पुरणपोळीवर तुपाची धार धरतात आणि वर वाटीभर ताक पिऊन "झालें, जिरलें!" म्हणतात. गेल्या चैत्रांत त्यांच्या छातींत कळ आली, तेव्हांपासून ह्या समजुतीची आम्हांस धास्ती वाटूं लागली आहे.

विरजणांतील कांहीं जंतु आंतड्यांत पित्तलवणांचें विघटन करितात. तीं मलावाटें गेलीं कीं नवीं घडविण्यास यकृत कोलेस्टेरॉल खर्चितें, हें खरें. १९७४ सालीं मान नामक अमेरिकन संशोधकास आंबविलेलें दूध पिणाऱ्या मसाई लोकांत कोलेस्टेरॉल उतरलेलें आढळलें. परंतु अशी घट सामान्यतः अल्पच असते. शिवाय मसाई गुरांमागें कोसचे कोस चालतात, आमचे बंधु झोपाळ्यावरून पाटावर येतात!

ताक आम्हीं चालूंच ठेविलें आहे. तुपाची तांबली मात्र वहिनींच्या हवालीं केली.