दाताचं काय एवढं!

मुलगी बघायला आलेली माणसं तिचे दात हमखास बघतात. आमच्या केळापूर तालुक्यात आणि शेजारच्या झरी-जामणीत तर जरा जास्तच निरखून बघतात. इकडच्या कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी लहानपणापासून प्यायलेल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत. मुलाचे दात तसे असले तर कोणी विचारत नाही. मुलीला मात्र ‘जरा हस बाई’ म्हणतात, आणि ती हसली की पाहुणे एकमेकांकडे बघतात.

एकदा लग्न झालं की त्याच दातांकडे कोणी वळून बघत नाही. ते दुखोत, हलोत की तुटोत, उत्तर एकच : ‘दाताचं काय एवढं!’

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस होते. पांढरकवड्याच्या आमच्या समुपदेशन केंद्रात एक बाई आली. पदर नाकापर्यंत ओढलेला. आधी म्हणाली, “न्हाणीत पडली.” बऱ्याच वेळाने म्हणाली, “नवऱ्यानं मारलं.” पदर खाली केला तेव्हा वरचा ओठ फाटलेला, पुढचा एक दात अर्धा तुटलेला आणि दुसऱ्या दाताची जागा रिकामी. मग तिने पदराची गाठ सोडली. आत तो दात होता, मुळासकट अख्खा, वाळून गेलेला. तीन दिवस तिने तो तसाच बांधून ठेवला होता. मी विचारलं, “का ठेवलास?” ती म्हणाली, “फेकवला नाई वो ताई. माहाच होता ना.”

मी समाजकार्यात एम.ए. केलं आहे. कायदे शिकले, मुलाखतीचं तंत्र शिकले. पण मुळासकट निघालेला दात तासाभराच्या आत पुन्हा हिरडीत बसवला तर तो जगू शकतो, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. नंतर दाताच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. त्या रात्री तिच्या वस्तीत हे कुणाला ठाऊक असतं, आणि दुधाची एक वाटी हाताशी असती, तर कदाचित तो दात तिच्या तोंडात राहिला असता.

पुढचं सांगते. तिला घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेले. ओठाला टाके घालण्याची वेळ टळून गेली होती. औषध लावलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि कागदावर लिहिलं : ‘ओठास जखम, साधी दुखापत.’ दातांचा उल्लेखच नाही. तो कागद घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तिथे एन.सी. लिहून घेतली, म्हणजे अदखलपात्र गुन्हा, ज्यात कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलीस तपासही करत नाहीत. ठाण्यातले भाऊ तिला समजावू लागले, “बाई, दातच तर गेला. संसार मोडता का दातासाठी?” तीसुद्धा मान हलवत म्हणाली, “खरंच आहे जी. दातच त गेला, जीव त नाई गेला.”

मैत्रिणींनो, गंमत अशी की घर, दवाखाना, ठाणं आणि ती स्वतः असे सगळेजण ज्याला किरकोळ म्हणत होते, त्याला कायदा किरकोळ म्हणत नाही. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये ‘गंभीर दुखापत’ कशाला म्हणायचं याची यादी होती. डोळा जाणं, कान जाणं, अवयव निकामी होणं, आणि त्याच यादीत सातवी बाब : हाड किंवा दात मोडणं, निखळणं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ११६ मध्येही दात आपल्या जागी कायम आहे. अशी दुखापत जाणूनबुजून केली तर कलम ११७(२) खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि महत्त्वाचं म्हणजे हा गुन्हा दखलपात्र आहे. पोलिसांना गुन्हा नोंदवावाच लागतो, तपास करावाच लागतो, एफ.आय.आर.ची प्रत फुकट द्यावीच लागते.

म्हणजे एन.सी. आणि एफ.आय.आर. यांच्यामधे त्या दिवशी एक दात उभा होता, आणि तो कागदावर आलाच नाही. मीही तो आणू शकले नाही. कलम मला पाठ होतं, ती यादी मात्र मी कधी नीट वाचली नव्हती.

आता मी प्रत्येक बाईला सांगते. मारहाणीत तोंडाला लागलं असेल तर तपासताना स्वतःहून म्हणा, ‘दात बघा आणि लिहा.’ कोणता दात, तुटला की निखळला की हलतो, जखम ताजी आहे का, हे सगळं कागदावर आलं पाहिजे. जमेल तिथे दाताच्या डॉक्टरकडून तपासणी आणि एक्स-रे करून घ्या. कारण कोर्टात पुढचा वकील हमखास विचारतो, ‘बाईंना आधीच पायरिया होता, दात हलतच होता, हे खरं ना?’ त्याला उत्तर देणारा कागद पहिल्या दिवशीचाच असतो, महिन्यानंतरचा चालत नाही. तक्रार करायची की नाही हे तिचं तिनं ठरवावं. तिच्या मनाविरुद्ध तिला ठाण्यात ओढून नेणंही बरोबर नाही. पण उद्या तिनं ठरवलं तर कागद तिच्या हातात हवा.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचाही इथे उपयोग आहे. त्याच्या कलम ७ प्रमाणे पीडित बाईला वैद्यकीय मदत देणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. कलम २० खाली औषधोपचाराचा खर्च नवऱ्याकडून मागता येतो. दात बसवायचा, मुळाचा उपचार करायचा, तोही औषधोपचारच आहे. पण अर्जात तो खर्च मागितलेला मी क्वचितच पाहिला. अर्ज लिहिणाऱ्या आपणच तो मागायला विसरतो.

आता तो पहिला तास. हे पाठ करा आणि गटात पाठ करून घ्या. बाई बेशुद्ध झाली असेल, उलट्या होत असतील, डोक्याला मार असेल, तर दात नंतर, आधी १०८ ला फोन. तसं नसेल तर पडलेला दात शोधा. तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर धुवा. घासू नका, कपड्याने पुसू नका. मोठ्या माणसाचा पक्का दात असेल तर तो सरळ धरून खाचेत परत बसवा आणि स्वच्छ कापडाची घडी दातांत धरायला सांगा. बसत नसेल तर दुधात ठेवा. पोडावर, तांड्यावर रात्री दूध कुठलं आणणार? मग तिने तो स्वतःच्या गालात धरावा, किंवा स्वच्छ वाटीत स्वतःच्या लाळेत ठेवावा. साध्या पाण्यात ठेवू नये, कोरडा तर मुळीच ठेवू नये. आणि तासाभरात दाताचा डॉक्टर गाठावा. उशीर झाला तरी जावंच. लहान मुलाचा दुधाचा दात मात्र परत बसवू नये, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. तुटलेला तुकडा मिळाला तर तोही दुधात घालून न्यावा. हलणारा दात ओढून काढू नये.

मात्र मारहाणीचे दात एकवेळ दिसतात तरी. न दिसणारी अडचण त्याहून मोठी आहे. किडलेली दाढ ठणकते आणि बाई वेचणीला जाते. वेचणीची मजुरी किलोवर, दिवस बुडवला तर पैसा बुडाला. दाढेत लवंग धरते, तंबाखूची चिमूट धरते, मेडिकलमधून दोन गोळ्या आणते. काही जणी रॉकेलचा बोळाही लावतात. लवंगेने थोडा वेळ बरं वाटेल, पण तंबाखूने, रॉकेलने किंवा हिरडीवर गोळी दाबून धरल्याने हिरडी भाजते आणि कीड तशीच राहते. यवतमाळ इथून सुमारे सत्तर किलोमीटर, नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय दीडशेच्या आसपास. जायचं तर सोबत कोणी हवं, पैसे हवेत, सासूची परवानगी हवी. नवऱ्याची दाढ दुखली तर तो त्याच दिवशी मोटारसायकल काढतो. बाईच्या दाढेला दिवाळी जाते, संक्रांत जाते.

अशी दाढ एक दिवस सुजते. गाल सुजला, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना. बाहेरून शेक देऊ नका. आणि सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, आवाज बदलला, श्वास लागला, तर एक मिनिटही थांबू नका, १०८ बोलवा. दाढेच्या पूने श्वासनलिका दाबली जाऊन माणूस मरतो. ‘दाढेने कोणी मरतं का?’ असं विचारणाऱ्याला सांगा, मरतं. ज्यांना सिकलसेल आहे – आणि आपल्या भागात ते अनेक घरांत आहे – त्यांनी तर दातातला संसर्ग अंगावर काढूच नये आणि डॉक्टरला सिकलसेलचं आधी सांगावं. गरोदर बाईला ‘आता दाताला हात लावू नको’ म्हणून परत पाठवतात, तेही चूक आहे. गरोदरपणात दातांचे उपचार करता येतात, मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे. दुखणं थांबवायला पॅरासिटामॉल चालते. मेडिकलवाल्याने दिलेली दुसरी कुठली गोळी मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

डॉक्टरांच्या भाषेत याला आणीबाणी म्हणतात, जणू काही अचानकच आली. माझं म्हणणं असं की बाईच्या दाताची आणीबाणी अचानक येत नाही. ती घरात महिनोन् महिने तयार होत असते. प्रत्येक ‘दाताचं काय एवढं’ तिच्यात भर घालतं. म्हणून ती टाळायचा उपाय नुसत्या ब्रशात आणि पेस्टमध्ये नाही. ते हवंच : फ्लोराइड असलेली पेस्ट, रात्री झोपताना दात घासणं. खर्रा सोडायला हवा, पुरुषांनी आणि आपणही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलं आहे. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पानठेल्यावर खर्रा घोटला जातोच. तोंड उघडायला त्रास होऊ लागला, तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर दाखवून यायचं. पण दाखवायला जायचे पैसे, वेळ आणि मोकळीक बाईजवळ नसेल तर हा उपदेश कोणाला करायचा?

आमच्यातल्याच एका कार्यकर्तीने मला विचारलं, “बलात्कार, हुंडाबळी, जमिनीचा सातबारा एवढे प्रश्न असताना तू दात काय घेऊन बसलीस?” मी तिला विचारलं, “तुझी दाढ शेवटची कधी दाखवलीस?” ती हसली, आणि हसताना तिने हात तोंडावर धरला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसा झालेल्या बायकांना जखमांबद्दल विचारलं, त्या प्रश्नात मोडलेल्या हाडांच्या शेजारी मोडलेले दात आहेत. सरकारच्या प्रश्नावलीला जे सुचलं ते आपल्या केसपेपरला का सुचू नये? आमच्या केंद्राच्या कागदावर डोकं, हात, पाय, पाठ होतं, तोंड नव्हतंच. आता आम्ही तो रकाना घातला आहे.

एवढ्यावर मात्र भागणार नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवरही दाताचा डॉक्टर असावा, असं केंद्र सरकारचीच सार्वजनिक आरोग्य मानकं सांगतात. ती जागा भरली आहे का, खुर्ची चालू आहे का, एक्स-रे निघतो का, हे आपण आपापल्या तालुक्यात जाऊन विचारलं पाहिजे. गरोदर बाईच्या तपासणीत तोंड उघडून बघणं आलं पाहिजे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात या शतकाच्या सुरुवातीला ‘सेहत’ आणि महापालिकेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. हिंसेची खूण दवाखान्यातच ओळखायची आणि तिथेच बाईला आधार द्यायचा, ही त्यामागची कल्पना. तालुक्याच्या दवाखान्यातही ते व्हायला हवं, आणि दाताची खुर्ची त्यातून वगळू नये. पुढचे दोन दात तुटलेली बाई त्या खुर्चीवर बसते, तेव्हा ‘कसं लागलं?’ हा प्रश्न एकदा तरी, सोबतच्या माणसाला बाहेर पाठवून, विचारला जावा. आणि बचत गटाच्या अंतर्गत कर्जाच्या यादीत बी-बियाणं, लग्न, बारसं असतं, तशी दाढही असू द्या.

त्या बाईला पुढे यवतमाळला नेलं. अर्धा दात वाचला, दुसऱ्याच्या जागी कवळीचा दात बसवला. पैसे तिच्या भावाने दिले. ज्याने तोडला त्याने दिले नाहीत, कारण आम्ही मागितलेच नव्हते. परवा बाजारात भेटली. मला बघून हसली, तोंडावर हात न धरता. म्हणाली, “ताई, तो जुना दात अजून आहे माह्यापाशी. डब्यात ठेवला. लागला कधी त दाखवीन म्हटलं कोर्टाले.”

ज्याला सगळ्यांनी किरकोळ म्हटलं, ते तिने अजून जपून ठेवलं आहे.