अडीच मिलिमीटर ऑफिसात पुरते, मागाशेजारी नाही

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एखाद्या वातानुकूलित खोलीत यंत्रमागाच्या कंट्रोलरचा सर्किट बोर्ड तयार होतो आहे, असे समजू. सॉफ्टवेअरची तपासणी एकही चूक दाखवत नाही. तोच बोर्ड मग अक्कलकोट रस्त्यावरच्या कारखान्यात, टॉवेल विणणाऱ्या मागाशेजारी बसतो. तिथे सुताचे तंतू दिवसभर उडत असतात. पावसाळ्याच्या दमट हवेत पॅनेलमधली धूळ ओलसर होते आणि खोलीत बरोबर असलेले अंतर इथे कमी पडते.

हे अंतर ठरते फूटप्रिंटमध्ये, म्हणजे सुट्या भागाचे पाय जिथे सोल्डर होतात त्या तांब्याच्या पॅडच्या आराखड्यात. बोर्डावरच्या बाकीच्या रेषा नंतर सरकवता येतात. एकाच भागाच्या दोन पॅडमधली जागा मात्र फूटप्रिंटबरोबरच पक्की होते. म्हणून तयार लायब्ररीतून तो डोळे झाकून उचलणे धोक्याचे.

२३० व्होल्टची वीज बोर्डावर घेणारे साधे स्क्रू टर्मिनल घ्या. दोन पायांमधले अंतर ५.०८ मिलिमीटर, पॅडचा व्यास २.५. उरले २.५८. मोजायचे ते हेच, कडेपासून कडेपर्यंतचे. गफलत होते ती केंद्रापासून मोजल्यामुळे.

आता नियम. हवेतून सरळ मोजलेले अंतर म्हणजे क्लिअरन्स. बोर्डाच्या पृष्ठभागावरून मोजलेले क्रीपेज. धूळ आणि ओल दुसऱ्याच्या मुळावर येतात. ‘आयईसी ६०६६४-१’ हे मानक परिसराच्या अस्वच्छतेची श्रेणी लावते. घर-ऑफिस साधारण श्रेणी २ मध्ये. धूळ ओलाव्याने वीजवाहक होऊ शकते ती जागा श्रेणी ३ मध्ये. साध्या एफआर-४ बोर्डावर २५० व्होल्टसाठी मूलभूत इन्सुलेशनचे क्रीपेज श्रेणी २ मध्ये २.५ मिलिमीटर, श्रेणी ३ मध्ये ४. म्हणजे आपले टर्मिनल खोलीत काठावर पास, मागाशेजारी सपशेल नापास. कामगाराचा हात लागू शकेल अशा कमी व्होल्टच्या बाजूपासून तर याच्या दुप्पट, ८ मिलिमीटर हवे.

‘वर हिरवा सोल्डर मास्क आहे की!’ हे उत्तर ठरलेले. पण तो थर इन्सुलेशन म्हणून धरत नाहीत. पॅनेल धूळबंद केले तर श्रेणी बदलते, हे खरे. मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याचे दार उघडे टाकून समोर पंखा लावला जाणार असेल, तर कागदावरच्या धूळबंदपणाचा उपयोग काय? माग थांबला की कापड थांबते, आणि मजुरी विणलेल्या मालावर असेल तर तीही.

सॉफ्टवेअरला यातले काही ठाऊक नसते. त्यात भरलेला आकडा पाळला गेला की नाही, एवढेच ते पाहते. त्यात बोर्ड बनवणाऱ्याची किमान मर्यादा भरणे ही सगळ्यात वाईट सवय. ती त्याच्या यंत्राची क्षमता असते, तुमच्या बोर्डाची गरज नव्हे.

भागाभोवतीच्या मोकळ्या जागेचा हिशेब वेगळा. किकॅडच्या लायब्ररीत ती बहुतेक भागांना ०.२५, कनेक्टरला ०.५ मिलिमीटर असते. यंत्राने भाग बसवायला ती पुरते. दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग गन शिरायला नाही. हाताने सोल्डर करण्यासाठी मोठ्या पॅडचे फूटप्रिंट त्याच लायब्ररीत आहेत.

टर्मिनलवरचा उपाय तर फारच स्वस्त आहे. ७.६२ मिलिमीटर अंतराचे घेतले की त्याच पॅडमध्ये ५.१२ उरतात. ते मिळाले नाही तर ५.०८ चेच तीन पायांचे घ्यावे, मधला पाय काढून टाकावा आणि फूटप्रिंटमधून त्याचा पॅडही पुसावा. उरतात ७.६६.