शिवीचा दंड कोण भरणार?

नालासोपाऱ्याच्या वस्तीत आमच्या गटाची बैठक दर गुरुवारी दुपारी भरते. पाणी येण्याची वेळ, मुलांच्या शाळा आणि बायकांची घरकामं हे सगळं सांभाळून ठरवलेली वेळ. एका गुरुवारी एकजण वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आली. अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यात सौंदाळा नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला, की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. कात्रण मोठ्याने वाचून झालं आणि असा गलका उठला की विचारू नका. "आपल्याकडेपण करा ना ताई!" "पाचशे नको, हजार करा!" "माझा नवरा पगाराच्या दिवशी सगळा पगार तिथेच भरून घरी येईल." हसणं चाललं होतं, पण त्या हसण्याखाली बरंच काही होतं. आयुष्यभर ऐकून घेतलेल्या शिव्यांची कुणीतरी पहिल्यांदा किंमत लावली होती.

आमचं गाव महानगरपालिकेत जाऊन वर्षं झाली, त्यामुळे ग्रामसभा हाताशी नाही. तेव्हा महापालिकेला आणि पोलिसांना निवेदन द्यायचं, सार्वजनिक ठिकाणी शिवी देणाऱ्याला कायद्याने शिक्षा करा अशी मागणी करायची, असं ठरत आलं. मी विरोध केला. सगळ्याजणी माझ्याकडे बघतच राहिल्या. वयाने मोठी अशी एक बाई म्हणाली, "ताई, तुम्हाला कोण देतंय शिव्या?"

प्रश्न झोंबला. रास्त होता म्हणूनच झोंबला. समाजकार्याची पदवी घेतलेल्या, दार लावून घेता येईल अशा घरात राहणाऱ्या बाईच्या वाट्याला शिवी कधीमधी येते. या बायकांना ती सकाळच्या चहाबरोबर मिळते. तरीही माझं मत बदललेलं नाही. ते त्या दिवशी मला नीट मांडता आलं नाही, म्हणून इथे मांडते आहे.

आधी सौंदाळ्याबद्दल. शहरात बसून त्या गावाची थट्टा करण्यात अर्थ नाही. जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव. सरपंच शरद आरगडे यांनी हा ठराव मांडला तेव्हा सांगितलं ते कारण साधं होतं: शिवी देणारा ज्या अवयवांचा उद्धार करतो, ते त्याच्या घरातल्या बायकांनाही आहेत, हे तो विसरतो. नवरा गेल्यावर बायकोचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, हेही त्या गावाने ठरवलेलं आहे. म्हणजे शिवीचा ठराव तिथे एकटा आलेला नाही. शिवाय सगळे एकमेकांना ओळखतात. तिथे माणूस ५०० रुपयांना भीत नाही, चारचौघांत नाव निघण्याला भितो. मुख्य म्हणजे ठरावात 'असभ्य भाषा' असा गुळमुळीत शब्द नाही. आई-बहिणीवरून दिलेली शिवी, असं स्पष्ट नाव घेतलं आहे.

आता हेच नालासोपाऱ्यात आणून बघा. इथे पावती फाडणारा कोण असेल? आणि फाटेल कुणाची?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. स्टेशनबाहेर एका भाजीवालीकडे मी उभी होते. शेजारी एक माणूस गवार निवडायला वाकला आणि निवडता निवडता त्याने तिच्या छातीला हात लावला. ती उठली आणि त्याच्या आईपासून सात पिढ्यांपर्यंत जे काही बोलली, ते मी इथे लिहीत नाही. अख्खा रस्ता थांबला. माणूस गर्दीत पसार झाला. बाजूला उभे असलेले एक गृहस्थ मला म्हणाले, "काय ही भाषा! लेकीबाळी जातात इथून."

त्याने काय केलं ते फक्त तिला आणि मला ठाऊक होतं. ती काय बोलली ते पन्नास जणांनी ऐकलं. सार्वजनिक शिवीगाळीला शिक्षा असं म्हटलं, तर त्या रस्त्यावर साक्षीदारांसह सिद्ध होणारा गुन्हा एकच होता, आणि तो तिचा होता. आमच्या भागात बाजारात बसणाऱ्या कोळणी, भाजीवाल्या, पहाटेच्या विरार लोकलमध्ये टोपली घेऊन चढणाऱ्या बायका, यांच्या तोंडाला लोक नावं ठेवतात. त्या तोंडावरच त्यांची जागा टिकून आहे हे कुणी बघत नाही.

मैत्रिणींनो, असा कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं ११० वं कलम १९५१ पासून आहे. रस्त्यावर अश्लील भाषा वापरणं आणि असभ्य वागणं, दोन्ही त्यात येतं. ते कसं वापरलं गेलं? ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी चाळीसेक जोडप्यांना बंद खोल्यांतून बाहेर काढलं आणि 'सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन' म्हणून याच कलमाखाली बाराशे रुपये दंड केला. बंद खोली सार्वजनिक ठरली! जुन्या दंडसंहितेचं २९४ कलम, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य, गाणी वा शब्द. त्याच्या केसेस डान्सबारमध्ये नाचणाऱ्या मुलींवर किती झाल्या, हे आपण पाहिलेलं आहे. आता ते भारतीय न्याय संहितेत २९६ झालं आहे: तीन महिने कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यातही नुसती शिवी बसत नाही. अपशब्द म्हणजे अश्लीलता नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये 'कॉलेज रोमान्स' या वेबमालिकेच्या प्रकरणात सांगितलं, आणि मला ते पटतं. सभ्यतेचं रक्षण हे ज्या कायद्याचं काम, तो कायदा आधीपासून सभ्य समजल्या जाणाऱ्यांच्या बाजूने झुकलेला असतो. पुण्यात शाळेला निघालेल्या सावित्रीबाईंवर शेण-चिखल फेकणारे आणि त्यांना शिव्या घालणारे लोक त्या काळचे सभ्यच होते. रस्त्यावर निघालेली बाई ही त्यांच्या लेखी असभ्यता होती.

पण म्हणून कायद्याने शिवीला हातच लावू नये, असं मी म्हणत नाही. शिवी कुणी दिली, कुणाला दिली आणि कशासाठी दिली, हे कायद्याने विचारावं. अॅट्रॉसिटी कायदा तेच विचारतो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला त्या समाजाबाहेरच्या माणसाने चारचौघांसमोर जातीवरून शिवीगाळ करणं, हा २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्ट शब्दांत वेगळा गुन्हा केला. आमच्या तालुक्यातल्या वारली बाईला जातीवरून बोललेला शब्द आणि नाक्यावर दोन पोरांनी एकमेकांना हसत दिलेली शिवी, यांत फरक आहे. त्या पोरांच्या तोंडी बाईचं शरीर स्वल्पविरामासारखं येतं, त्याची मलाही चीड येते. पण ते काम आपलं आहे, हवालदाराचं नव्हे. आणि आपल्याच मोर्च्यांत अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर देतो, ती काय कमी शिवी आहे? जी वस्तू आपण मनगटात घालतो तीच त्याला नामर्द ठरवायला वापरतो.

शब्दांचंच बघा. 'रांड' या शब्दाचा मूळ अर्थ विधवा. नवरा नसलेली बाई, एवढाच. तिची शिवी कशी झाली हे वेगळं सांगायला नको. उलट कित्येक शिव्यांत घाण शब्द एकही नसतो. वांझोटी. पांढऱ्या पायाची. सभ्यतेचा कोणताही कायदा यांना अडवणार नाही, कारण त्या देवघरासमोर उभं राहूनही देता येतात. इथेच सार्वजनिक शिवीच्या मागणीवरचा माझा मोठा आक्षेप आहे. आमच्या गटातल्या बायकांना रस्त्यावर जेवढ्या शिव्या बसतात त्याच्या कितीतरी पट घरात बसतात. घर काही सार्वजनिक जागा नाही. तिथे उपयोगी पडणारा कायदा २००५ चा, कौटुंबिक हिंसाचाराचा. शाब्दिक छळ ही हिंसा आहे असं तो म्हणतो, आणि मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही यावरून टोचून बोलणं त्यात मुद्दाम नमूद आहे. आमच्या गटात तीसेक बायका आहेत. हे किती जणींना माहीत होतं? चौघींना.

घराबाहेरच्या शिवीसाठी न्याय संहितेचं ७९ वं कलम आहे, जुनं ५०९. बाईच्या लज्जेचा अपमान करण्यासाठी शब्द उच्चारणं, तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र. प्रत्यक्षात काय होतं? एका बाईबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले होते. शेजाऱ्याने तिला जिन्यात गाठून जे म्हटलं ते ऐकवत नव्हतं. अंमलदाराने कलम ३५२ लावलं, शांतताभंग होईल असा अपमान, म्हणजे अदखलपात्र, आणि एनसीचा कागद हातात ठेवला. एनसी म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास नाही. शेजारी संध्याकाळी पुन्हा जिन्यात उभा. तक्रारीत लिहिलं होतं, 'अश्लील शिवीगाळ केली'. नेमके शब्द नाहीत. विचारले तेव्हा ती मान खाली घालून गप्प होती आणि अंमलदारालाही लिहून घ्यायची घाई नव्हती. असे कागद कोर्टात उभे राहत नाहीत. तो नेमका काय बोलला, हे न्यायाधीश पहिल्यांदा विचारतात.

म्हणून निवेदनाचा मजकूर आम्ही बदलला. नवा कायदा मागितला नाही. बाई अशी तक्रार घेऊन आली तर ७९ लागतं का ते आधी बघा, एनसीवर बोळवण करू नका, तिचे शब्द तिच्याच शब्दांत लिहून घ्या आणि ते लिहून घ्यायला महिला पोलीस द्या, एवढंच मागितलं. दोघींनी सही केली नाही. दंडाशिवाय पुरुष सुधारत नाहीत असं त्यांचं म्हणणं, आणि त्या अजून त्यावर ठाम आहेत.

पुढच्या गुरुवारी मी कोरी वही घेऊन बसले. तक्रार लिहायचा सराव करायचा होता. तुम्हाला जे म्हटलं गेलं ते जसंच्या तसं सांगा, म्हटलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. एकीने पदर तोंडाला लावला. मग तीच मोठी बाई, जिने मला प्रश्न विचारला होता, ती भिंतीकडे बघत एकेक शब्द सांगू लागली. नवऱ्याचा, दिराचा, मुकादमाचा. मी लिहीत गेले. दीड पान झालं. थांबल्यावर म्हणाली, "लिहिलंस ना सगळं? पण पाचशे रुपयांचं मी सोडलेलं नाही हं."