'रोग्याला सांगू नका'

'रोग्याला सांगू नका' हे आपल्या सुशिक्षित घरांतील आजचे अत्यंत प्रतिष्ठित वाक्य आहे. डॉक्टर तपासून बाहेर पडले की त्यांना जिन्यात गाठून ते उच्चारावयाचे, आणि मग डोळे पुसून, हसऱ्या मुद्रेने खाटेपाशी जाऊन बसावयाचे. याला आपण दया म्हणतो. आमच्या मते ही दया नव्हे. ही मरणाऱ्याची लूट आहे, आणि तिची भरपाई मागे राहणाऱ्यांस वर्षानुवर्षे करीत बसावे लागते.

आमच्या परिचयातील एका वृद्ध शिक्षकांची हकीकत सांगतो. यकृताचा कर्करोग हे निदान पत्नीस व मुलांस ठाऊक होते. खुद्द त्यांस मात्र 'कावीळ रेंगाळली आहे' असे सांगण्यात आले. ज्याने जन्मभर पोरांच्या थापा ओळखल्या, त्यास घरच्यांचे चेहरे वाचता आले नसतील काय? तीन महिने उभयता पुढल्या वर्षीच्या आंब्यांच्या गोष्टी बोलत राहिली. ते गेल्यावर पंचांगाच्या कोऱ्या पानांवर त्यांच्या हातची टिपणे सापडली: विम्याचे कागद कोठे आहेत, कोणाचे किती देणे आहे, कोणती पुस्तके वाचनालयास द्यावयाची. पत्नीसाठी त्यात एक ओळही नव्हती. तसे काही लिहिले आणि ते आधीच तिच्या हाती पडले, तर दोघांचे नाटक मोडेल, ही धास्ती असावी.

कोणी म्हणेल, आपली संस्कृतीच अशी हळवी आहे. हे साफ खोटे आहे. ज्या समाजात मरणासन्न माणसास भुईवर घेऊन मुखात तुळशीपत्र व गंगाजल घालीत, ज्या गोव्यात शेजारच्या ख्रिस्ती घरी पाद्री अखेरचे तेल घेऊन येई, तेथे मरण लपवावयाचे कोणाच्या मनातही येत नसे. १२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. नामदेवांच्या अभंगांत त्या निरोपाचे वर्णन आहे. त्यात निवृत्तिनाथांसारखा ज्ञानी पुरुष धाकट्या भावासाठी व्याकुळ होतो, आणि त्यामुळे त्याच्या ज्ञानास कोणी उणे मानीत नाही. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न व औषध सोडले, तेही उघडपणे, साऱ्या देशाच्या देखत. लपवालपवी ही आपली परंपरा नव्हे, ती अलीकडची खोड आहे.

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. जो वेदनेने तळमळत आहे, त्याच्याशी निरोपाचे काय बोलावयाचे? खरे आहे, आधी वेदना शमली पाहिजे. पोटात घ्यावयाचे मॉर्फिन हे त्यावरचे जुने आणि स्वस्त औषध. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांचा असा जाच उत्पन्न केला, की अनेक रुग्णालयांनी ते ठेवण्याचेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने तो जाच पुष्कळ कमी झाला, पण 'व्यसन लागेल' ही भीती मनांतून गेलेली नाही. आठ दिवसांचा सोबती असलेल्या माणसास व्यसन लागेल म्हणून रात्रभर कण्हू द्यावयाचे! आणि हे अशक्य कोटीतील काम आहे असेही नाही. मुंबईत १९८६ साली शांती आवेदना सदन उभे राहिले, गोव्यात लोटलीसही त्याची शाखा झाली. कोझिकोडला १९९३ साली सुरू झालेल्या कार्यातून तर केरळात शेजारीपाजारीच स्वयंसेवक होऊन घरोघर रोग्यांपाशी जाऊ लागले.

आता समाचाराला येणाऱ्यांविषयी. 'सुटले बिचारे', 'देवाला आवडले' असे तयार अर्थ घेऊन ही मंडळी येतात. अलीकडे त्यांत शोकाच्या 'पाच पायऱ्या' सांगणाऱ्यांची भर पडली आहे. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉसबाईंनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात त्या अवस्था मांडल्या त्या मरणोन्मुख रोग्यांशी बोलून. आम्ही त्यांचे विधवांसाठी वेळापत्रक केले. फ्रॉइडने १९१७ मध्ये शोकास 'काम' म्हटले होते, आणि काम म्हटले की ते ज्याचे त्यानेच करावयाचे. पाय चेपताना, जुने भांडण मिटविताना, 'माझ्यामागे असे करा' हे ऐकून घेताना ज्याने त्या कामास आरंभ केला, त्यास पुढे परक्याच्या अर्थाची गरज फारशी उरत नाही. सुतकाच्या घरी चूल पेटत नसे, म्हणून शेजारी पिठले-भात आणून ठेवीत आणि गप्प बसून राहत. त्या गप्प बसण्याला जी किंमत होती, ती आमच्या साऱ्या सांत्वनांना मिळून नाही.

त्या बाईंनी पंचांग देवघरात ठेवले आहे. 'ह्यांना ठाऊक होते, हे मला कळत होते. मग आम्ही आंब्यांचेच का बोलत बसलो?' असे त्या अजून विचारतात. आम्हांस उत्तर देववत नाही. त्यांना काही कळू देऊ नका, असा सल्ला त्या वेळी ज्यांनी दिला, त्यांत आम्हीही होतो.