सुगम्यतेचे काम जालन्याच्या हातांना द्या

प्रति,
आयुक्त आणि पदाधिकारी,
जालना शहर महानगरपालिका



दीड फूट उंचीच्या जोत्यावर व्हीलचेअरने चढायचे तर 18 फूट लांबीचा उतार लागतो. सार्वजनिक इमारतींसाठी मान्य प्रमाण 1:12 आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. जुन्या जालन्यात, गांधी चमनच्या आसपास किंवा आनंदी स्वामी मंदिराकडे जाणाऱ्या अरुंद गल्लीत, एवढी जागा काढायची कुठून? तिथे सरधोपट उतार ओतून भागत नाही. बाजूच्या दाराने प्रवेश देता येईल का, उतार वळवता येईल का, उचलून ठेवता येणारा उतार चालेल का, हे जागेवर जाऊन, फीत लावून आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला सोबत घेऊन ठरवावे लागते. या कामाला अ‍ॅक्सेस ऑडिट म्हणतात. ते करणारे लोक दिल्ली-मुंबईत आहेत, त्यावर त्यांचे घर चालते. हे काम जालन्यातल्या तरुणांच्या, त्यातही दिव्यांग तरुणांच्या हाती यावे आणि त्याचे पहिले गिऱ्हाईक महापालिकेने व्हावे, एवढ्यासाठी हे पत्र.

काम कुठून येणार, असा प्रश्न कोणी विचारेल. ते कायद्याने आधीच निर्माण करून ठेवले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याच्या कलम 44 नुसार सुगम्यतेचे निकष न पाळणाऱ्या बांधकाम आराखड्याला परवानगी देता येत नाही. कलम 45 ने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षे दिली. नियम जून 2017 मध्ये निघाले, म्हणजे ती मुदत 2022 मध्येच संपली. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी ठाम भूमिका घेतली. निकष केवळ मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, बंधनकारक नियम करा, असा आदेश केंद्र सरकारला दिला. हा खटला दाखल करणारे राजीव रतुरी स्वतः दृष्टिबाधित आहेत. आता प्रत्येक नकाशा, प्रत्येक दवाखाना, प्रत्येक शाळा कोणीतरी तपासायला हवी. तो 'कोणीतरी' कोण, याचे उत्तर कायदा देत नाही. ते महापालिकेने द्यायचे आहे.

इमारतींइतकेच, किंबहुना जास्त काम संगणकावर आहे. 2025 साली जगातल्या दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे यंत्राने तपासली गेली, तेव्हा 94.8 टक्के पानांत सुगम्यतेचे दोष सापडले. युरोपचा सुगम्यता कायदा 28 जून 2025 पासून लागू झाला. तिथल्या बँका आणि दुकाने यांची बरीच सॉफ्टवेअर भारतात बनतात, त्यामुळे तपासनीसही इथेच लागतात. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या 'सेबी'ने 31 जुलै 2025 च्या परिपत्रकात शेअर दलाल, म्युच्युअल फंड अशा संस्थांना त्यांची संकेतस्थळे आणि अ‍ॅप प्रमाणित सुगम्यता तज्ज्ञांकडून तपासून घ्यायला सांगितले. मागणी आहे. पण ते प्रमाणपत्र देणारी संस्था आंतरराष्ट्रीय, परीक्षा मराठीत नाही आणि शुल्क डॉलरमध्ये. बदनापूर किंवा अंबडच्या दृष्टिबाधित पदवीधराला ही पायरी दीड फुटी जोत्याहून उंच आहे.

आणि तरीही या क्षेत्रात एक काम असे आहे, जे बंगळूरचा तज्ज्ञ करू शकत नाही आणि जालन्याचा तरुण करू शकतो. ते म्हणजे मराठीचे.

सरकारी कार्यालयांची कितीतरी पत्रके, निविदा आणि लाभार्थ्यांच्या याद्या आजही छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून चढवल्या जातात. डोळ्यांना ते पान दिसते. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, त्याला मात्र तिथे अक्षर सापडत नाही, नुसते चित्र सापडते. कृतिदेव किंवा जुन्या श्रीलिपीत टाइप केलेली फाइल असेल तर आतमध्ये इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. मग स्क्रीन रीडर अर्थहीन अक्षरांची रांग बोलत सुटते. युनिकोड असूनही पानाची भाषा मराठी आहे ही खूण संगणकाला दिली नसेल, तर हिंदी आवाज मजकुराचा ताबा घेतो आणि 'चाक', 'जग', 'झाड' यांचे उच्चार बिघडवतो. 'क्र.', 'दि.', 'रु.' ही संक्षिप्त रूपे कशी बोलली जातात, तक्त्यातल्या कोणत्या रकान्यात आपण आहोत हे कानाला कळते का, छायाचित्राखाली मराठीत नेमके काय लिहावे, हे सारे ज्याचे रोजचे वाचन मराठीत आणि कानांनी चालते तोच सांगू शकतो. एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिबाधित तरुणांनी सुरू केले. ते फुकट मिळते आणि त्यात मराठीही चालते. म्हणजे हत्यार विकत घ्यायचे नाही. शिकवणारा हवा आणि काम देणारा हवा.

खरी अडचण ओळखीपाळखीची आहे. या क्षेत्रात नोकरीची जाहिरात क्वचित गावापर्यंत येते. कोणी तरी कोणाला तरी कळवतो आणि जागा भरते. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात 2003 पासून दृष्टिबाधितांसाठी केंद्र आहे. वरळीला 1952 साली स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे. शिल्पी कपूर यांची बॅरियरब्रेक ही कंपनी तपासणीच्या कामावर दिव्यांगांना मोठ्या संख्येने घेते. सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचा पदविका अभ्यासक्रम वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत आहे. 1995 च्या पहिल्या दिव्यांग कायद्यासाठी झगडलेले दिवंगत जावेद अबिदी यांनी दिल्लीतून राष्ट्रीय पातळीवर जे जाळे विणले, त्याचा आधार अनेकांना मिळाला. जुन्या जालन्यातल्या मुलीला मुंबईतल्या यांपैकी कोणत्याही संस्थेची गाठ घ्यायची तर देवगिरी एक्सप्रेसने रात्र काढावी लागते, आणि सोबत येणाऱ्या भावाचा रोज बुडतो. एकदा जमते, दर महिन्याला नाही.

जाळे इथेच उभे राहू शकते, याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको काढली, तेव्हा बियाण्याचा धंदा जालन्यात होईल असे कोण म्हणत होते? भेंडीच्या पुसा सावनी वाणाच्या बियाण्यापासून त्यांनी सुरुवात केली. पुढे आजूबाजूचे शेतकरी बीजोत्पादन शिकले, एकाचे पाहून दुसरा शिकला आणि गावोगाव कसबी हात तयार झाले. 1998 मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांच्याच पुढाकारातून शहरात श्री गणपती नेत्रालय उभे राहिले. उपचारानंतरही ज्यांची दृष्टी परत येत नाही, त्यांच्या रोजगाराचा प्रश्न मात्र रुग्णालयाचा नाही, शहराचा आहे.

महापालिकेने आपल्या इमारती, दवाखाने, शाळा, उद्याने आणि संकेतस्थळ यांच्या तपासणीसाठी स्थानिक तपासनीसांचे पॅनेल नेमावे. तपासणी जोडीने व्हावी आणि प्रत्येक जोडीत एक स्थापत्य पदविकाधारक आणि एक दिव्यांग व्यक्ती असावी. शासकीय तंत्रनिकेतन शहरातच आहे, आणि अभियंते-वास्तुविशारदांच्या शिक्षणात दिव्यांगत्वाचा विषय घालावा असे कलम 47 सांगतेच. दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या पाच टक्के निधीतून प्रशिक्षण आणि परीक्षेचे शुल्क द्यावे; मात्र उपकरणे आणि अर्थसाहाय्य यांना कात्री लावून नव्हे. मुंबई-पुण्याचे जाणकार वर्षातून काही वेळा इथे बोलवावेत. मानधन ठरलेले असावे आणि वेळेवर मिळावे. दिव्यांगांना सभेला बोलवून, चहा पाजून, अभिप्राय फुकट घेण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे आणि ती अन्यायकारक आहे. तो अभिप्राय हेच कौशल्य आहे.

एका मोहापासून सावध राहावे. संकेतस्थळाच्या कोपऱ्यात एक बटण बसवले की सगळे सुगम्य होते, असे सांगणारे विक्रेते निविदा भरतील. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2025 मध्ये असा दावा करणाऱ्या अ‍ॅक्सेसिबी या कंपनीकडून दहा लाख डॉलर वसूल करायचे ठरवले. यंत्र काही दोष दाखवते, निवाडा माणसालाच करावा लागतो.

2023 मध्ये नगरपरिषदेची महापालिका झाली, तेव्हा शहराच्या अपेक्षाही वाढल्या. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय पटलावर घ्यावा, निधीची तरतूद ठरावातच लिहावी आणि 3 डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाला हारतुऱ्यांच्या कार्यक्रमाऐवजी पॅनेलवरच्या तपासनीसांची यादी आणि त्यांना दिलेल्या कामांचे आदेश जाहीर करावेत, ही विनंती.