तरीची वेळ कोण ठरवते?



येत्या माघात अलिबागहून गोव्यापर्यंत किनाऱ्याच्या रस्त्याने जायचे, असे आपण ठरवले आहे. चार दिवस, चौदा जणी. महामार्गाने हाच प्रवास एका दिवसात होतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण ज्या बायकांना आपल्याला भेटायचे आहे त्या महामार्गावर राहत नाहीत, खाड्यांच्या तोंडाशी राहतात. शिवाय गोव्यातल्या मैत्रिणींशी एका प्रश्नावर निवांत बसून बोलायचे आहे. त्याविषयी पुढे.

रेवस ते रेडी असा सागरी रस्ता व्हावा ही कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाची, म्हणजे १९८०च्या सुमाराची. रस्ता बराचसा झाला, मोठ्या खाड्यांवरचे पूल मात्र मागे राहिले. म्हणून अजूनही आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेसवीला, दाभोळहून धोपाव्याला आणि तवसाळहून जयगडला जायचे तर गाडीसकट फेरीबोटीत चढावे लागते. दाभोळची फेरी २००३ साली सुरू झाली. त्याआधी गाडीने गुहागर गाठायला चिपळूणचा वळसा होता.

आराखडा करायला बसलो आणि पहिल्या पाच मिनिटांतच प्रश्न आला, "बरोबर पुरुष कोण?" विचारणारी आपलीच कार्यकर्ती होती, आणि तिला दोष देण्यात अर्थ नाही. घरी तिला हेच विचारले जाणार होते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी फक्त ४२ टक्के स्त्रियांना बाजार, दवाखाना आणि गावाबाहेरचे ठिकाण या तिन्ही जागी एकटीने जाण्याची मुभा आहे. मुभा हा शब्दच पाहा. देशात कुठेही फिरण्याचा हक्क घटनेच्या १९व्या कलमाने सर्वांना दिला, तो घराच्या उंबऱ्याशी येऊन मुभा झाला.

आपल्यातल्या दोघींकडे गाडीचा परवाना आहे. तरी एकीच्या दिराने स्वतः गाडी चालवत येण्याची तयारी दाखवली, आणि बैठकीत तासभर त्यावरच गेला. माणूस भला आहे, पैसे वाचतील, रात्री-अपरात्री आधार होईल, हे सगळे खरे. आमचे म्हणणे एवढेच होते की चक्र ज्याच्या हातात, थांबायचे कुठे हेही मग तोच ठरवतो. जेवायला कुठे, लघवीला कुठे, कुणाच्या अंगणात किती वेळ बसायचे, सगळे. शेवटी दिरांचे आभार मानून नको म्हटले. गाडी मात्र टॅक्सीचा रीतसर परवाना असलेलीच घ्यायची. तिला राज्याबाहेर नेताना लागणारा परवाना आणि कर यांचे पैसे आधीच बाजूला काढले आहेत.

तारखेचा घोळ याहून मोठा झाला. मासळी विकणाऱ्या बहिणी म्हणाल्या, आम्हाला सवड १ जून ते ३१ जुलै, बंदीच्या काळात. तेव्हा समुद्र खवळलेला, फेरीचा भरवसा नाही, आणि शेतीवाल्या बायका गुडघाभर चिखलात लावणीला. भाद्रपदात गणपती, मग कापणी, मग झोडपणी, शिमग्याला घर पाहुण्यांनी भरलेले. वर्षाचे बारा महिने फळ्यावर मांडून पाहिले तेव्हा कळले की सगळ्याजणी एकदम मोकळ्या असतील असा आठवडाच नाही. म्हणून माघ. पण माघात मासळीचा धंदा ऐन भरात असतो, आणि चार दिवस टोपली बंद म्हणजे चार दिवसांची मिळकत गेली. तेव्हा खर्चाच्या अंदाजात डिझेल, फेरी, मुक्काम यांच्याबरोबर 'बुडीत मजुरी' असा एक रकाना घातला आहे. त्यावर नाराजीही आली. सहलीला जायचे वर पैसे द्यायचे का, असे एकीने विचारले. पगारी रजा टाकून येणाऱ्या आपल्यासारख्यांना चार दिवसांचे पैसे मिळतातच, फक्त ते कुणाच्या हिशेबात दिसत नाहीत. रकाना राहील.

भरती-ओहोटीच्या बाबतीत तर आम्हा शिकलेल्यांची छान फजिती झाली. आम्ही फेऱ्यांची वेळापत्रके मागवत बसलो होतो. खाडीत तिसऱ्या आणि कालवे काढणाऱ्या एका बाईंनी बोटांवर मोजून सांगितले, तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बारा वाजता ओहोटी. द्वितीयेला दीड वाजता भरती. हिशेब ढोबळ आहे, पण प्रवास आखायला पुरेसा आहे. ओहोटीला तेरेखोलच्या मुखाशी वाळू वर येते आणि फेरी अडते, म्हणून चौथा दिवस वद्य द्वितीयेचा धरला आहे, दुपारी तिथे पोचायच्या बेताने. पंचांगाशी आपल्या चळवळीचे फारसे सख्य नाही, पण या कामापुरते ते घ्यायला हरकत नसावी.

मुताऱ्यांबद्दल लिहायचा कंटाळा आला आहे, तरी लिहितो. फेरीच्या धक्क्यावर गाड्यांची रांग लागते तेव्हा पुरुष खाली उतरून आडोशाला जातात, बायका पाणी पीत नाहीत. प्रत्येक मुक्कामाच्या आणि धक्क्याच्या गावात कुणाच्या घरी थांबता येईल, याची यादी तिथल्या गटांनी पाठवावी.

आता हद्दीविषयी. तेरेखोल गाव आणि किल्ला नदीच्या उत्तरेला, रेडीला लागून, तरी ते गोव्यात. राज्याची हद्द रस्त्यावरच ओलांडली जाते आणि नंतरची केरीची फेरी गोव्यातून गोव्यात जाते. म्हणजे तेरेखोलच्या बाईला पेडण्याला आपल्याच सरकारच्या कचेरीत जायचे तर पाणी ओलांडायचे, किंवा परक्या राज्यातून वळसा घ्यायचा. आपल्यापैकी ज्या एसटीने येणार त्यांनी लक्षात ठेवावे की मार्च २०२३पासून मिळणारे अर्धे तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच आहे, पुढे पूर्ण भाडे.

सवलत हद्दीशी संपते, पण दुसरे काही तिथेच सुरू होते. गोव्यात कौटुंबिक बाबतीत १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, आणि निम्मा वाटा तिचा. गोवेकराची मिळकत भारतात दुसरीकडे असली तरी वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. रेडीच्या बाईला नवऱ्याने टाकले तर ती पोटगी मागू शकते, राहत्या घरातून काढू नका म्हणू शकते. पण वीस वर्षे राबून उभ्या केलेल्या घरात तिचा वाटा नाही, जर कागद त्याच्या नावावर असेल. दोन मैलांवर, नदीपलीकडे, तो असतो.

म्हणून गोवा स्वर्ग आहे असे समजू नये. त्या कायद्यात मिळकतीचा कारभार नवऱ्याकडेच ठेवलेला. लग्नाची नोंदणी दोन टप्प्यांत, दोन सह्यांची. पहिल्या सहीलाच लग्न झाले असे समजून संसार मांडलेल्या आणि दुसऱ्या सहीअभावी उघड्यावर पडलेल्या बायकांची प्रकरणे तिथल्या स्त्री-गटांनी वर्षानुवर्षे हाताळली आहेत. निम्मा वाटा कागदावरून हातात येईपर्यंत काय काय होते, हे आपल्याला त्यांच्याकडून ऐकायचे आहे. समान नागरी कायद्याच्या वादात गोव्याचे नाव घेणारे फार, तिथल्या बाईला विचारणारे थोडे.

ही हद्द १९६१च्या डिसेंबरापर्यंत देशाची हद्द होती. सुधाताई जोशी ६ एप्रिल १९५५ला म्हापशात सत्याग्रहाला उभ्या राहिल्या आणि पोर्तुगिजांच्या तुरुंगात गेल्या. शेवटच्या मुक्कामी म्हापशात थांबू तेव्हा त्यांच्याविषयी कुणीतरी तयारी करून बोलावे.

चौदांपैकी नऊ नावे आली आहेत. उरलेल्या पाच जागा मासळीवाल्या आणि शेतमजूर बहिणींसाठी राखल्या आहेत. त्या दुसऱ्या कुणी भरू नयेत. नावे दिवाळीच्या आत कळवा. कळवताना चार दिवसांत किती रुपयांचा धंदा बुडेल आणि मागे लेकरांकडे कोण पाहील, हे दोन्ही लिहा.